कोठारातला सण, शेतातला सण

संपादकांनी विषय दिला तो असा: जगभरातली थंडी आणि तिच्यात येणाऱ्या सणांची जेवणं. परदेशातल्या दोन-चार मराठी घरांना फोन लावले की लेख होईल, असंही त्यांनी सुचवलं. फोन लावलेच. पण त्याआधी कामशेतला उतरले, पवनानगरवरून तिकोणा पेठेला गेले आणि भोगीला तिथंच राहिले. थंडी आणि ताट यांचा संबंध शोधायचा, तर आधी तो आपल्या पायाखाली बघावा असं वाटलं.

पेठ तिकोण्याच्या पायथ्याशी आहे. गडाचं दुसरं नाव वितंडगड. वर त्र्यंबकेश्वर महादेव, तळजाईचं देऊळ, चुन्याचा घाणा. समोर तुंग, पलीकडे लोहगड आणि विसापूर, मधे पवना धरणाचं पाणी. सुट्टीच्या दिवशी पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. गड चढायला येणाऱ्यांना गाव दिसतं ते पोहे आणि चहा मिळतो तेवढंच. मला गडावर जायचंच नव्हतं.

दिवाळी अंकात हे लिहिताना थोडं अवघड वाटतं, पण मावळात दिवाळी हा थंडीचा सण नव्हे. तो भाताच्या घाईचा सण आहे. आश्विन सरता सरता काही खाचरांत भात उभं असतं, काहींत कापून आडवं पडलेलं असतं, आणि आभाळाचा भरवसा नसतो. करंजीचं सारण भरणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष ढगांकडे. म्हणूनच दिवाळीचा फराळ तळलेला, पाकातला, डब्यात महिनाभर टिकणारा असतो असं मला वाटतं. ज्या दिवसांत सगळं घर खाचरात असतं, त्या दिवसांत रोज चुलीपाशी बसायला कोणाला सवड आहे? हा फराळ टिकतो म्हणूनच तो कुरियरने अमेरिकेलाही जातो. भोगीची भाजी कुठंही जात नाही. ती त्या शेतात, त्या दिवशीच खायची असते.

गारठा डोंगरावरून उतरतो

ज्यांच्या ओसरीवर मी पथारी टाकली होती, ते आजोबा संध्याकाळी आभाळाकडे बघून म्हणाले, “आज ढग न्हाई, वारं पडलंय. रातीला गारठा उतरंल.” उतरंल हा त्यांचा शब्द हवामानशास्त्राच्या पुस्तकात जसाच्या तसा बसतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली वाहते. तिकोणा, तुंग, लोहगडाच्या कुशींतून ती पवनेच्या खोऱ्यात येऊन साठते. पहाटे गडाच्या माथ्यावर त्या मानाने बरं असतं आणि पायथ्याच्या पेठेत दात वाजतात, याचं कारण हेच. धरणाचं पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं. त्या कोमट पाण्यावर गार हवा आली की वाफ उठते आणि धुकं होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठून पांढरे होतात, त्यामागेही हीच निरभ्र रात्र असते.

या रात्रींचा अभ्यास मावळापासून जवळच, पुण्यात झाला, हे फारसं कुणाला आठवत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं नाव त्यातूनच पडलं. तिथल्या कृषी हवामान विभागाचे एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट मांडली. अशा रात्री मोकळ्या जमिनीवर सगळ्यांत गार थर जमिनीला चिकटलेला नसतो, तो वीत-दोन वीत वर असतो. थर्मामीटर चुकीचा लावला असेल, असं म्हणून अनेकांनी हा निष्कर्ष बरीच वर्षं बाजूला ठेवला. आज जगभर तो ‘रामदास थर’ या नावानं ओळखला जातो. पुढे १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला. शहराच्या नोंदींतला तो नीचांक.

पहाटे उठून बांधावर गेले तेव्हा हरभरा दहिवरानं न्हालेला होता. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केसांसारखी लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, म्हणून पान चाखलं की जीभ आंबटते. पूर्वी रात्री या पिकावर स्वच्छ धोतर पसरून ठेवत. दवासोबत आम्ल कापडात उतरे, पहाटे ते पिळून बाटलीत भरत. ही हरभऱ्याची आंब पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून द्यायची. आजोबांच्या आईनं ती काढलेली त्यांनी पाहिली होती. आता कोणी काढत नाही, मेडिकलचं दुकान पवनानगरात आहे. पण थंडी, दव आणि पीक या तिघांच्या मेळातून मिळणारी चव म्हणजे काय, हे समजायला हा एक चमचा पुरेसा आहे.

ओलीवर आलेलं

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पेठ त्याच्या पूर्वेला, पण पावसाळ्यात इथंही भाताखेरीज दुसरं काही सुचत नाही. जूनमध्ये रोपं, जुलैमध्ये चिखलात आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. भात बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहरापासून हे वाण तयार केलं आणि १९८७ साली शेतकऱ्यांना दिलं. आंबेमोहराचा वास थोडा कमी, पण एकरी उतारा जास्त. मावळानं ते इतकं आपलंसं केलं की पुण्याच्या बाजारात तांदळाच्या पोत्यावर ‘मावळ’ लिहिलं की पुढचं नाव गिऱ्हाईक स्वतःच घेतं.

भात निघालं की खाचरात जी ओल उरते, तिच्यावर हरभरा, मसूर, वाटाणा, कुठं गहू टाकतात. पाणी द्यायची सोय नसली तरी या पिकांना जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यावर दिवस काढता येतात. परसात पावटा, घेवडा, वांगी. बांधावर बोरं. म्हणजे ज्या महिन्यांत उत्तर गोलार्धाचा मोठा भाग बर्फाखाली किंवा नागड्या फांद्यांखाली असतो, त्याच महिन्यांत मावळात कोवळ्या शेंगा लागतात. पाऊस नाही, कडक ऊन नाही, कीड कमी. मावळात भाजी म्हणून जे काही खऱ्या अर्थानं पिकतं ते मार्गशीर्ष-पौषातच.

गाजर आणि ऊस या दिवसांत गोड लागतात त्यालाही कारण आहे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा ऊस खर्च न झालेली साखर कांड्यांत साठवतो आणि गाजर आपल्या पिठूळ साठ्याची साखर करतं. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं म्हणूनच दिवाळीनंतर धूर सोडू लागतात. संक्रांतीच्या सुगडात काय घालतात ते आठवून बघा: हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजर, बोरं, गव्हाच्या ओंब्या, तीळ. त्या आठवड्यात शेतात काय तयार आहे याची ती यादीच आहे, आणि मातीच्या बोळक्यात घालून शेजारणीला द्यायची पद्धत आहे.

बाजरी पाव्हणी

भोगीला पेठेतल्या त्या घरी चूल पहाटेच पेटली. गॅस आहे, पण तो चहाला. घरच्या मावशींनी आदल्या संध्याकाळीच घाटे सोलून ठेवले होते. पावट्याचे दाणे, वाटाणा, ओले शेंगदाणे, घेवड्याच्या शेंगा, गाजर, वांगी, मूठभर बोरं, उसाचे दोन बोटांएवढे तुकडे. मी विचारलं, बोरं भाजीत शिजून कडू होत नाहीत का? त्या हसल्या. “बोर आख्खं टाकायचं, ताई. त्याला टोचायचं न्हाई.” वाटण असं फारसं नव्हतंच. तेलात हिंग-मोहरी, मग दाणे, मग वांगी, वरून गूळ, चिंचेचा कोळ, गोडा मसाला आणि शेवटी भाजून कुटलेले तीळ आणि शेंगदाणे. पाणी थोडंच. कढईवर ताट झाकून ताटात पाणी घातलं होतं, त्यामुळे वाफ आतच फिरत राहिली. तिळात निम्मं तेल असतं, आणि भाजीच्या वर तरंगलेला तो तवंग बघितला की थंडीत तीळ का खातात हे कोणाला विचारावं लागत नाही.

भाकरी बाजरीची, वरून तीळ थापलेली. पण मावळात बाजरी पिकत नाही, नाचणी आणि वरई पिकते. मी तसं म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, “बाजरी पाव्हणी हाय. बाजारातनं आणायची, भोगीला ती पायजेच.” ती येते जिल्ह्याच्या पूर्वेकडून, शिरूर-बारामतीच्या कोरड्या रानांतून. एकाच पुणे जिल्ह्याची ही दोन स्वयंपाकघरं, पश्चिमेला भात आणि पूर्वेला भाकरी, वर्षातून या एका दिवशी हमखास एका ताटात येतात. बाजरी हिवाळ्यातच का, याला ‘उष्ण असते’ हे उत्तर सगळे देतात. त्याहून साधं कारणही आहे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, त्यामुळे दळलेलं पीठ उन्हाळ्यात चार दिवसांत खवट, कडू होतं. गारठ्यात ते जास्त टिकतं. दळणाला बाजारगावी जावं लागणाऱ्या घरांना हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

सोबत मुगाची खिचडी होती, इंद्रायणीची म्हणून जरा चिकट. भाकरीवर लोणी. सोलापूरकडे या दिवशी राळ्याचा भात करतात, तो इथं कोणाला ठाऊक नव्हता. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे मात्र घरातल्या सगळ्यांत लहान नातवालाही पाठ होतं. त्यानं ते म्हणून दाखवलं आणि भाजीतली गाजरं तेवढी वेचून खाल्ली.

घाट उतरून रायगडात गेलं की हाच हंगाम वेगळ्या भांड्यात शिजतो. अलिबागकडची पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, हवं तर कोंबडी, मीठ आणि ओवा. मडकं पाल्यानंच बंद करून उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, शेंगेतल्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. नगर-सोलापूरच्या काळ्या रानात ज्वारीचा हुरडा. पदार्थ वेगळे, पण तिन्हींत शेतातून आगीपर्यंतचं अंतर काही पावलांचं.

वांग्याचे दोन हिवाळे

उरलेलं जग याच्या उलट आहे, आणि ते समजायला वांगं पुरतं. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांगं आणि कांदा-लसूण मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, पुन्हा ताटात येतात. खंडोबाला भरीत-रोडगा आणि कांद्याची पात. वांगं त्या सुमारास भरात असतं, बिया कमी, गर जास्त. तेच वांगं काश्मीरमध्ये शरद ऋतूतच चिरून दोरीला ओवून उन्हात वाळवतात, कारण २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू झालं की पुढचे चाळीस दिवस ताज्या भाजीची आशा नसते. वाळलेलं वांगं, दुधी, टोमॅटो, मासळी हा तिथला हिवाळी स्वयंपाक. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं घालतात ती पावसाळ्यासाठी, त्यांची असतात ती थंडीसाठी. प्रत्येकाचा भुकेचा महिना वेगळा.

आणखी उत्तरेला गेलं की नाताळचं ताट जवळजवळ सगळं कोठारातून निघतं. इंग्लंडचं ख्रिसमस पुडिंग म्हणजे मनुका, बेदाणे, मसाले आणि जनावराची चरबी. ते महिनाभर आधी उकडून ठेवतात. पश्चिम नॉर्वेत नाताळच्या आदल्या रात्री खारवून सुकवलेल्या मेंढीच्या बरगड्या भिजवून, वाफवून खातात. पोलंडच्या बारा पदार्थांच्या जेवणात रानातून आणून वाळवलेल्या अळंब्या असतात. इराणमध्ये वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, यल्दाला, डाळिंबासोबत उन्हाळ्यापासून जपून ठेवलेलं कलिंगड कापतात. डिसेंबरच्या रात्री कलिंगड फोडणं म्हणजे ‘आमच्या घरात अजून आहे’ हे सांगणं. या सणांच्या भरघोसपणात मला थोडी भीती दिसते: अर्धा हिवाळा अजून जायचा आहे आणि कोठार पुरेल ना, याची. भोगीच्या ताटात ती भीती नाही. मावळाची भीती मृगात असते.

हलव्याचा काटा

फोनवरच्या मराठी घरांनी एक वेगळीच गंमत सांगितली. टोरंटोतली माझी मावसबहीण भोगीची भाजी फ्रीझरमधून करते. सुरती पापडी, तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, सगळं गोठवलेलं, भारतीय दुकानातून आणलेलं. बोरं नाहीत, ऊस क्वचित. बाहेर उणे पंधरा. म्हणजे तिथं गेल्यावर आपली शेतातली भाजीही कोठारातली होते, फक्त कोठाराला वीज लागते. संक्रांत तिथं बहुतेकदा येत्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये साजरी होते.

पण तिचा हलवा आमच्यापेक्षा सरस होतो, आणि तिला त्याचा गर्व आहे. काटेरी हलवा हा हवेचाच पदार्थ. मंद शेगडीवर परातीत तीळ, चमचाभर पाक, बोटांनी हलवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. पाकाचा पातळ थर झटकन वाळला तर साखरेचे कण टोकदार उभे राहतात. हवेत ओल असली तर तीळ गुळगुळीत राहतात, एकमेकांना चिकटतात. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो तो यामुळे. टोरंटोच्या घरात हीटरनं हवा इतकी सुकते की ओठ फुटतात, आणि त्याच हवेत नव्या सुनेचे हलव्याचे दागिने झकास बनतात.

मॉरिशसचं गणित तर पूर्ण उलटं. १८३४ पासून मळ्यांवर मजूर म्हणून जे लोक तिकडे नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. तिथं जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, वर चक्रीवादळांचा हंगाम. पंचांगातली संक्रांत तीच, पण तीळ-गूळ अंगात ऊब आणतात हे सांगायला भोवती थंडीच नाही.

बेने इस्रायली मराठी कुटुंबांची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. ज्यू पंचांगात जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास झाडांचा सण येतो, तू बिश्वात. कोकणात असताना ही मंडळी त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकापाशी एलियाहू हनबीच्या नावानं मलिदा करत: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर सुका मेवा आणि ताजी फळं. हा संदेष्टा इथूनच रथातून स्वर्गात गेला अशी श्रद्धा. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, मलिदा सोबत गेला. कोकणात त्या महिन्यात आभाळ कोरडं ठणठणीत. इस्रायलमध्ये तोच पावसाचा काळ. बाहेर पाऊस पडत असताना तिथं पोहे भिजतात, आणि आळवणी अजूनही एलियाहूचीच असते.

तंबूतलं ताट

पवनेच्या काठावर थंडीतला सगळ्यांत मोठा सण आता ३१ डिसेंबर झाला आहे. पाण्याकडेला रंगीत तंबू, शेकोट्या, कर्ण्यांवर गाणी. जेवणाचा बेत सगळीकडे जवळपास एकच: संध्याकाळी भजी आणि चहा, मग कोळशावर चिकन किंवा पनीर आणि मका, रात्री भाजी-पोळी-भात, सकाळी पोहे नाहीतर मिसळ. गावातली बरीच मुलं या धंद्यात आहेत. त्याबद्दल नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. धरणात जमिनी गेलेल्या खोऱ्यात एका रात्रीत पैसा येतो तो कोणाला नको असेल? त्रास आहे तो सकाळी काठावर उरणाऱ्या बाटल्यांचा आणि पत्रावळ्यांचा.

माझी तक्रार ताटाबद्दल आहे. तो मका त्या काठावरचा नाही, पनीर तर नाहीच. तंबूपासून हाकेच्या अंतरावर हरभरा घाट्यांनी लगडलेला असतो आणि गावात कोणीतरी तो जाळावर भाजून हुळा करत असतं. पाहुण्यांना तो कोणी देत नाही, कारण ते मागत नाहीत. एका तंबूवाल्या तरुणाला मी विचारलं, भोगीचं जेवण का ठेवत नाहीस? तो म्हणाला, “ताई, पब्लिकला बार्बेक्यू पायजे. ही भाजी आम्ही घरी खातो.” आणि मग थोडा विचार करून, “पण कोणी आधी सांगितलं तर आई करंल की.”

तेव्हा वाचकांना एवढंच सांगते. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते, कधी १४ ला. पवनेच्या खोऱ्यात त्या दिवशी जाणार असाल, तर निदान दोन दिवस आधी फोन करून घरचं जेवण सांगा. दाणे आदल्या संध्याकाळी सोलावे लागतात आणि बाजरी बाजारातून आणावी लागते. लोकरीचे कपडे न्या, कारण पायथ्याला माथ्यापेक्षा जास्त गारठा असतो. कचरा परत आणा. आणि जे पैसे बार्बेक्यूला देता, तेच या ताटाला द्या. घासाघीस करू नका.